आठ महिन्यांचं घर

नवऱ्याच्या कंपनीने आधी रात्रपाळी बंद केली, मग एक भट्टी, आणि मग ठेक्यावरची सगळी माणसं एकाच दिवशी घरी पाठवली. त्याच सुमारास माझंही काम बसलं. वर्ध्याला कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी अकरा वर्षं होते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, संमतिपत्रं, नावात बदल. लॉकडाऊननंतर दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्मंही उरलं नव्हतं. मालकाने दोनातली एक खुर्ची उचलली आणि उरलेल्या खुर्चीवर स्वतः बसला. त्याने मला जा म्हटलं नाही. बसायला जागाच ठेवली नाही.

आम्ही शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत दोन खोल्यांत राहत होतो. ते भाडं आता झेपणारं नव्हतं. नवऱ्याच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याने सांगितलं की आर्वी रोडवरच्या एका गावात घर रिकामं आहे, मालक भाजीपाला लावतो, त्याला घरात माणूस पाहिजे आणि वावरातही. ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही तिघं, मी, नवरा आणि आमची सात वर्षांची मुलगी, एसटीने घर पाहायला गेलो.

घरमालक साठीच्या आसपासचे, वाळक्या अंगाचे, कमी बोलणारे. मी त्यांना काकाजी म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. रस्त्याच्या बाजूला त्यांचं स्लॅबचं घर होतं, आणि त्याच आंगणात मागे दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. भिंती जाड, समोर सपरी म्हणजे ओसरी, बाजूला कडुनिंब. आत दोन खोल्यांना लागून एक छोटी कोठी होती, तिला कुलूप होतं.

"तिच्यात जुनं सामान हाये आमचं," काकाजी म्हणाले. "तिले हात नोको लावजा."

भाड्याचं विचारलं तर त्यांनी हाताने उडवून लावलं. "तुमचा माणूस माह्या वावरात येईन, माल तोडीन, आर्वीले पोचवीन. मी मजुरीतून थोडंसं भाडं कापीन, बाकी हातात देईन. मले काय, घरात दिवा लागला पायजे."

कागद झाला नाही. अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे भाडेकरार टाइप केले होते. कोणत्या कलमात मालक फसवतो आणि कोणत्या कलमात भाडेकरू, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तरी त्या दिवशी मी कागद मागितला नाही. एवढं स्वस्त घर मिळत असताना कागदाचं नाव काढलं तर ते हातचं जाईल, अशी भीती वाटली.

आठवड्याभरात टेम्पोने सामान आणलं. पहिले काही महिने बरे गेले. मुलीचं नाव गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. नवरा पहाटे वावरात जायचा, वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायचा, बाजाराच्या दिवशी काकाजींबरोबर मालाच्या गाडीत बसून आर्वीला जायचा. कंपनीत लोखंड वितळवणारा माणूस सांभाराच्या जुड्या बांधताना पाहून मला कधी हसू यायचं, कधी मी तोंड फिरवायची. दुपारी मी काकूंजवळ बसून जुड्यांना सुतळी गुंडाळायची. काकू भारी हसऱ्या. बोलता बोलता माझ्या मुलीच्या वेण्या घालून द्यायच्या. मला वाटायचं, आपलं नशीब बरं.

जानेवारीतल्या एका रविवारी एक माणूस मोटारसायकलवरून आंगणात आला. चाळिशी ओलांडलेला, चेहरा हुबेहूब काकाजींचा, फक्त अंगाने भरलेला. मी सपरीत धान्य निवडत होते.

"काकाजी घरी नाहीत," मी म्हटलं.

"मालूम हाये. म्हणूनच आलो." त्याने चप्पल काढली. "मी त्यायचा लहान भाऊ. पाणी मिळंन का?"

काकाजींना भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं. मी आत पाणी आणायला गेले, तो माझ्या मागे आत आला. ज्या सवयीने त्याने डोकं वाकवून चौकट ओलांडली, त्यावरूनच कळलं की हे घर त्याच्या अंगवळणी आहे. पाणी पिऊन त्याने खिशातून किल्ली काढली आणि सरळ कोठीचं कुलूप उघडलं.

आत एक लोखंडी पलंग उभा करून ठेवला होता. शिलाई मशीन होती. लाकडी पाळणा होता, त्यात भांड्यांचं गाठोडं. त्याने मशीनवरची धूळ बाहीने पुसली, चाक एकदा फिरवून पाहिलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

"लग्नानंतर सात वर्षं आमी अथीच राह्यलो," तो म्हणाला. "पोरगा अथीच झाला. मंग वर्ध्याजवळ नालवाडीले गेलो. फर्निचरच्या कारखान्यात होतो, थो आता बंद पडला. खोलीवाला रोज दारात येऊन राह्यला. बाप म्हणत होता, मांगचं घर लहान्याचं. पण कागद नाई केला बापानं." मग माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखं म्हणाला, "तुमाले नाई सांगून राह्यलो मी जा म्हणून. तुमची काय गलती."

तो गेल्यावर मी काकूंना सांगितलं. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "ह्यायले नोको सांगजो," त्या म्हणाल्या. पण गावात अशी गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. संध्याकाळी काकाजी पहिल्यांदाच आमच्या सपरीत येऊन उभे राहिले.

"कोण आलतं?"

मी सांगितलं.

"आत गेलता?"

"पाणी मागत होते."

"पाणी बाहेर आणून द्याचं. उंबरठ्याच्या आत नाई घ्याचं त्याले." ते खाली बसले. कडुनिंबाकडे पाहत एका दमात बोलले. "बारा वर्षं माही माय खाटेवर होती. तिचं हगणं-मुतणं हिनं काढलं, माह्या बायकोनं. दरसाल कवेलू मी फिरवले. भिंत पडली, मी बांधली. तवा थो कुठी होता? आता काम गेलं तं घर आठवलं त्याले?"

त्यांचंही खोटं नव्हतं. ते निघून गेले आणि मी तिथेच बसून राहिले. भाडं इतकं कमी का, कागद का नाही, घरात दिवा लागला पाहिजे म्हणजे काय, सगळं एकदम लक्षात आलं. त्यांना भाडेकरू नको होता. भावाला आत येता येऊ नये म्हणून दारात ठेवायला एक कुटुंब हवं होतं, आणि त्या वर्षी अशी कुटुंबं सहज मिळत होती.

मार्चमध्ये काकाजी एक कागद घेऊन आले. आर्वीला तहसीलजवळ लिहून घेतलेला, स्टॅम्प पेपरवर, खाली आम्हा दोघांच्या सह्यांसाठी जागा.

"तुमाले तं ह्यातलं समजते," त्यांनी तो माझ्याच हातात दिला. "वाचून पाहा."

सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, इथपासूनची ती भाषा माझ्या बोटांना पाठ होती. आम्ही गेल्या तीन वर्षांपासून या घरात भाड्याने राहतो. या काळात घराचा ताबा काकाजींचाच आहे. त्यांचे लहान भाऊ या घरात कधीही राहिले नाहीत. घरात त्यांचं कोणतंही सामान नाही.

मी दोनदा वाचला. मग म्हटलं, "काकाजी, आमाले अथी सात महिने झाले."

"मालूम हाये मले."

"अन् कोठीतलं सामान?"

"कोणतं सामान?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, चेहरा हलला नव्हता. ते माझ्याकडे पाहत होते आणि माझ्या मागे, चार हातांवर, ती कुलूप लावलेली कोठी होती.

"इचार करून सांगा," ते उठत म्हणाले. "घाई नाई."

घाई नाही म्हणाले, पण दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. पाणी बंद केलं नाही त्यांनी, फक्त मोटर लावायची वेळ बदलली. मी मुलीला शाळेत सोडायला गेले की मोटर चालू व्हायची, परत येईपर्यंत बंद. नवऱ्याला वावरात बोलावणं एक दिवसाआड झालं, मग दोन दिवसांआड. संडासाकडे जाण्याची वाट त्यांच्या गोठ्यावरून होती. तिथे पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग येऊन पडला, जेमतेम अंग चोरून जाता येईल एवढी जागा ठेवून. भांडावं असं त्यात काहीच नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, जळण कुठी ठेवू? काकूंनी मुलीला हाक मारणं बंद केलं. मुलगी वेण्यांची रिबीन हातात घेऊन त्यांच्या पायरीपर्यंत जायची आणि परत यायची. मला कारण विचारायची नाही. तेच जास्त लागायचं.

घरात आमचं भांडण सुरू झालं. मोठ्याने बोलायची सोय नव्हती, म्हणून दबक्या आवाजात, आणि दबक्या आवाजातलं भांडण संपत नाही.

"सई केल्यानं कोण मरून राह्यलं?" नवरा म्हणायचा.

"खोटं हाये थे."

"दुकानात तू काय रोज खरंच टाइप करत होती?"

"टाइप करनं वेगळं अन् सई करनं वेगळं."

"मंग चल, पोरीले घेऊन बसू एसटी स्टँडवर. तिथी सांग सगळ्याले, आमी खरं बोलतो म्हणून." एकदा असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या मानेवर भट्टीच्या ठिणग्यांचे जुने डाग होते. तो वाईट माणूस नव्हता. कंपनी सुटल्यापासून त्याला तीन ठिकाणी नको म्हटलं गेलं होतं, आणि आता चौथ्या ठिकाणी मी त्याला उभं करत होते. मला हे कळत होतं, तरी माझा हात त्या कागदाकडे जात नव्हता. दुकानात मी कितीतरी माणसांना असल्या कागदावर अंगठा लावताना पाहिलं होतं. अंगठा पुसायला आम्ही एक फडकं ठेवायचो. शाई पुसूनही काही माणसं बराच वेळ बोट चोळत बसायची.

एप्रिलमध्ये एका बाजाराच्या दिवशी काकाजींनी नवऱ्याला सकाळीच हाक मारली, जुन्या दिवसांसारखी. तो आनंदाने गेला. मालाची गाडी आर्वीकडे गेली आणि मलाही जरा हलकं वाटलं. शाळा सकाळची होती. मुलगी दहालाच घरी आली.

अकराच्या सुमारास आंगणात एक टेम्पो येऊन थांबला.

गाद्या, पलंगाच्या फळ्या, कूलर, सिलिंडर, पोत्यांत भांडी. पुढच्या सीटवर काकाजींचा भाऊ आणि एक बारीक, पांढुरक्या चेहऱ्याची बाई. मी सपरीत उभी होते. समोरच्या घराच्या पायरीवरून काकू धावत चार पावलं आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आत जाय! आतून कडी लाव!"

मी मुलीला आत ओढलं आणि कडी लावली.

त्याने दार वाजवलं, पण जोरात नाही. "बाई, तुमाले काढायले नाई आलो. खोली सोडा लागली आमाले. दोन खोल्या हायेत, एक आमाले द्या. पोराले मामाकडे पाठवलं. आमी दोघंच."

कडी नीट बसली का ते मी चाचपून पाहिलं.

"बाई, आयकून राह्यल्या ना?"

मी दाराला पाठ लावून उभी होते. लाकूड तापलेलं होतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते. बाहेर टेम्पोवाला म्हणाला की त्याला दुसरी खेप आहे, आणि त्याने सामान उतरवायला सुरुवात केली. एकेक वस्तू जमिनीवर ठेवल्याचे आवाज मला आतून ऐकू येत होते. टेम्पो गेला. मग काहीच आवाज नाही.

खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. भाऊ सामानाच्या सावलीत उकिडवा बसला होता. कडुनिंबाची सावली त्या वेळी भिंतीलगत आखडून गेली होती. त्याची बायको पोत्यावर बसली होती, पदर डोक्यावरून ओढून. वर्ध्याकडचं एप्रिलचं ऊन. अकरानंतर जनावरंही बाहेर ठेवत नाहीत. गल्लीपलीकडे एक गोंड कुटुंब राहायचं, त्यांच्या आंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती. तिथली म्हातारी उठून आली, त्या बाईच्या हाताला धरून तिला आपल्या मांडवाखाली घेऊन गेली, आपल्या बोलीत सुनेला काहीतरी म्हणाली. सुनेने लोट्यात पाणी आणून दिलं. पाणी देताना तिने आमच्या दाराकडे पाहिलं. मी फटीपासून मागे सरकले.

किती वेळ गेला असेल? मुलीला भूक लागली म्हणून मी तिला पोळी दिली, म्हणजे तास-दीड तास झाला असावा. आठ महिन्यांपूर्वी आमचाही टेम्पो याच आंगणात उभा होता. तेव्हा दार उघडं होतं. हा विचार मनात आला की मी तो झटकायची. तो भाऊ आत आला तर काकाजी आम्हाला काढतील. एवढं एकच वाक्य मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग मागचं दार वाजलं. काकू होत्या. पऱ्हाट्यांमधून अंग चोरून आल्यामुळे दंडावर ओरखडे होते.

"उघड समोरचं," त्या म्हणाल्या.

"तुमीच म्हटलं ना काकू, लाव म्हणून."

"म्हटलं मी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "थे माही जाऊ हाये. मागच्या साली पोटाचं आपरेशन झालं तिचं. अन् दुसरं सांगतो तुले. मायचं पहिली दोन वर्षं तिनंच केलं सगळं. मी तवा हात नाई लावत होती. मंग थे दोघं नालवाडीले गेले अन् माह्यावर आलं. हे कोणी नाई सांगत. मीही नाई सांगतलं कधी." श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "उघड, बाई. पण मी सांगतलं असं नोको सांगजो."

मला राग आला. खरंच राग आला. "मंग काकाजीले काय सांगू? मीच उघडलं म्हणून?"

"होय."

"अन् आमाले काढलं तं?"

"भाडेकरू जाते, बाई," काकू म्हणाल्या. "मी कुठी जाऊ?"

त्या आल्या तशा निघून गेल्या. मी पुढे येऊन कडी काढली. बाहेर पाऊल टाकलं तर सपरीची फरशी चटका देत होती. भाऊ उठून उभा राहिला. मी म्हटलं, "पुढची खोली घ्या. आमचं सामान मी मागं घेतो." तो सिलिंडर उचलायला वाकला. त्याची बायको आत आली तेव्हा तिने आधी भिंतीला हात लावला आणि मग खाली बसली. मी तिला पाणी दिलं. ते पाणी द्यायला मला तास-दीड तास लागला होता, आणि आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

पाचच्या सुमारास मालाची गाडी परत आली. काकाजी आंगणात आले आणि कूलर पाहून थांबले.

"कोणं उघडलं?"

"मी."

"काऊन?"

"ऊन होतं," मी म्हटलं.

त्यांच्या मागे, पायरीवर, काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. काकाजींनी एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खिशातून घडी केलेला कागद काढला.

"तुमच्या माणसानं आज सई केली. तीन वर्षांची. तिकडे थो सई करून राह्यला अन् इकडे तुमी दार उघडून राह्यल्या."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो रिकामं कॅरेट हातात घेऊन उभा होता. त्याने ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्या सकाळच्या हाकेचा अर्थ मला तेव्हा कळला.

पुढचे चार दिवस त्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहिलो. मध्ये चादर टांगली होती. नवरा माझ्याशी बोलत नव्हता, मी त्याच्याशी. चादरीपलीकडे तेही जवळजवळ बोलत नव्हते, कारण सगळं ऐकू यायचं. भावाच्या बायकोने कोठीतून मशीन बाहेर काढली, तेल घातलं आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या फ्रॉकची उसवलेली बाही न विचारता शिवून दिली. काकाजी आंगणातून जाताना आमच्या घराच्या बाजूला पाहत नसत. पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीतून निरोप आला.

सरपंच एक तरुण बाई होती, माझ्याच वयाची असेल. पोलीस पाटील होते, गावातली पाच-सात माणसं होती, दारात बायका. काकाजींनी कागद टेबलावर ठेवला. सरपंचबाईंनी तो मोठ्याने वाचला, अडखळत, पण शेवटपर्यंत. मग नवऱ्याकडे पाहून विचारलं, "तीन वर्षं झाली तुमाले अथी?"

तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की झाली नाहीत. आमचा टेम्पो आला तेव्हा यातल्या दोघांनी पलंग उतरवायला हात लावला होता. तरी सगळे गप्प होते. नवऱ्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली. हो की नाही ते कळू नये अशी.

मी बायकांमधून उठले. "आठ महिने झाले," मी म्हटलं. "शाळेच्या रजिस्टरात पोरीची तारीख हाये. कोठीत ह्या भाऊचं सामान होतं, आमी आलो तवापासून. ह्यायनं सई केली थे आमाले राहाले दुसरी जागा नाई म्हणून केली."

कोणीतरी खाकरलं. काकाजी ओरडतील अशी माझी तयारी होती. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी तुमाले घर देलं होतं."

बस, एवढंच. त्यांनी घर दिलं होतं, हे खरंच होतं. कशासाठी दिलं होतं ते नंतरचं, पण आमच्याजवळ काहीच नव्हतं तेव्हा आमची मुलगी त्यांच्या कवेलूखाली झोपली होती. हे वाक्य मला अजूनही कधी भाजी निवडताना आठवतं, आणि मी अजूनही उत्तर शोधते.

बैठक दुपारपर्यंत चालली. दोघा भावांची जुनी उणीदुणी निघाली, मायच्या आजारपणाची, भिंतीची, वावराच्या बांधाची. मायचं पहिली दोन वर्षं कोणी केलं, हे मात्र त्या बैठकीत कोणीच काढलं नाही. भावाच्या बायकोनेही नाही. शेवटी ठरलं ते असं की मागचं घर लहान्याकडे राहील, छपराचा आणि भिंतींचा खर्च इथून पुढे त्याचा, आंगण दोघांचं. सरपंचबाईंनी तो स्टॅम्प पेपर नवऱ्याच्या हातात दिला. "फाडून टाका," त्या म्हणाल्या. त्याने तो तिथे फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. पुढे काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. भाऊ म्हणाला, राहा, जितके दिवस लागते तितके. नवऱ्याला गावात कोणी काम देईना. काकाजींशी वाकडं कोण घेणार? तो रोज आर्वीला जाऊन बाजारात हमाली करू लागला. परत यायचा तेव्हा खांदे सुजलेले असायचे. मी तेल चोळायला घेतलं तर तो नाही म्हणायचा नाही, आणि काही बोलायचाही नाही.

जागा शोधायचीच होती. एक दिवस भाऊच म्हणाला, "नालवाडीची माही खोली अजून खालीच हाये. कोणी घेऊन नाई राह्यलं. आता थो मालक कमीत देईन, त्यालेही गरज हाये." ज्या खोलीतून त्याला निघावं लागलं होतं, ती आम्ही घेतली. त्याने स्वतः फोन करून आमच्यासाठी शब्द टाकला.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सामान फार नव्हतं. भावाच्या बायकोने मुलीला एक पिशवी शिवून दिली होती. गोंड म्हातारीने पानात बांधून मूठभर भाजलेले मोह दिले. काकाजी पायरीवर उभे होते, वावरात जायचे कपडे घालून, पण जात नव्हते. मी काकूंच्या पाया पडायला वाकले. काकूंनी पाय मागे घेतले. काकाजी पाहत होते, म्हणून. मी वाकलेली तशीच क्षणभर राहिले आणि मग सरळ झाले. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं तर त्या कडुनिंबाकडे पाहत होत्या.

टेम्पो डांबरी रस्त्याला लागल्यावर नवरा पहिल्यांदा आपणहून बोलला. मुलगी मधे बसली होती, पेंगत होती.

"दार उघडायले काकूनं सांगतलं होतं ना तुले?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तिच्या दंडावर ओरखडे होते," तो म्हणाला. "पऱ्हाट्याचे. मांगच्या दारानं आली असंन." मग विचारलं, "पंचायतीत काऊन नाई बोलली?"

"तिले तिथंच राहाचं हाये," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग बाहेर पाहत म्हणाला, "सई करताना मी पेन दोनदा खाली ठेवला. थो लिहिणारा म्हणे, आरामात करा." मुलीचं डोकं सरकत होतं ते त्याने आपल्या दुखऱ्या खांद्यावर घेतलं.

नालवाडीच्या खोलीला एकच खिडकी होती आणि भिंतीवर मागच्या माणसांच्या कॅलेंडरचा खिळा. नवा मालक दारात उभा राहून आमचं सामान पाहत होता. सामान कमी दिसलं म्हणून असेल, किंवा त्यालाही सवय झाली असेल, त्याने आधी हेच विचारलं, "किती दिवस राहाल?"

"कागद करू," मी म्हटलं. "मी लिहून आणतो उद्या. जेवढे दिवस राहू तेवढेच लिहू."